पूर्वपक्षाला किती गुण?

महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक मंडळाकडे तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन स्वतंत्र ऐच्छिक विषय आहेत. अकरावी-बारावीच्या कला शाखेत ते घेता येतात, आणि बालभारतीने 2019 व 2020 मध्ये दोन्ही इयत्तांची नवी पुस्तके मराठीतही काढली. म्हणजे विषय आहे, पुस्तक आहे, परीक्षा आहे. घेणारे मात्र थोडे आणि घेऊ देणारे त्याहून थोडे. धर्माचा अभ्यास असा विषय तर नाहीच. तो आपण घर, देऊळ, मशीद, चर्च, विहार, कीर्तन आणि अलीकडे मोबाइल यांच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. माझे म्हणणे असे की शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत धर्म आणि तत्त्वज्ञान एकत्र, एकाच ऐच्छिक विषयात शिकता यावे आणि ज्यांना तो घ्यायचा असेल त्यांना कोणी अडवू नये. याला विरोध करणारे बरेच आहेत. त्याहून अडचणीचे म्हणजे, भलत्याच कारणासाठी पाठिंबा देणारेही बरेच आहेत. दोघांशी एकदम बोलता यावे म्हणून इथे एक पालक उभा केला आहे. तो कल्पित आहे, त्याचे आक्षेप कल्पित नाहीत. त्याच्या मुलीला दहावीला चांगले गुण पडले आहेत आणि तिने हे विषय घ्यायचे मनात घेतले आहे, एवढे धरून चालू.

पालक: सरळच विचारतो. एवढे गुण असताना मुलीनं कला शाखा घ्यायची, हेच आमच्या घरात पचायला जड गेलं. तेही एक वेळ ठीक. अर्थशास्त्र घे, मानसशास्त्र घे, त्यातून पुढे काही वाट निघते. पण धर्म आणि तत्त्वज्ञान? ज्ञानेश्वरी घरात आहे, सप्ताह गावात होतो, आजी रोज हरिपाठ म्हणते. त्यासाठी कॉलेजात बसून प्रश्नोत्तरं कशाला पाठ करायची? ही दोन वर्षं पुन्हा येत नाहीत. बरं, उपयोग आहेच असं तुमचं म्हणणं असेल तर ते तरी उघड सांगा. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं, नीतिशास्त्राचा पेपर तर सगळ्यांनाच द्यावा लागतो. विचार करायची सवय लागली की गणित सुधारतं, वाचन सुधारतं, असंही कुठंतरी वाचलंय. हे सांगितलंत तर निदान बापाला कळेल अशी भाषा होईल.

लेखक: ती भाषा मी मुद्दाम टाळतो, कारण ती अर्धीच खरी आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आहे हे बरोबर, आणि तत्त्वज्ञान वैकल्पिक घेतलं तर त्याच्या दुसऱ्या पेपरात धर्माचं तत्त्वज्ञानही येतं. पण त्या परीक्षेत शेवटपर्यंत पोहोचणारे किती आणि वाटेत गळणारे किती, हे तुम्ही पाहताच. त्या भरवशावर सोळाव्या वर्षी विषय निवडायला सांगणं म्हणजे क्लासची जाहिरात झाली. गणित सुधारण्याचंही तसंच. इंग्लंडमध्ये 48 प्राथमिक शाळांत तत्त्वचिंतनाच्या तासांचा प्रयोग झाला, 2015 साली त्याचा अहवाल आला. वाचनात आणि गणितात दोनेक महिन्यांची जास्तीची प्रगती दिसली म्हणून त्याचा बराच गवगवा झाला. पुढे आणखी मोठ्या प्रमाणावर चाचणी घेतली तेव्हा वाचनातला तो लाभ सापडला नाही. पहिल्या अहवालावर विसंबून ज्यांनी तत्त्वज्ञानाची वकिली केली होती त्यांची दुसऱ्या अहवालानं पंचाईत केली. विषयाची बाजू त्याच्या जोडधंद्यावर मांडली की असं होतं.

मी एकच दावा करतो आणि तो तपासून पाहता येतो. हा विषय नीट शिकवला तर विद्यार्थ्याला स्वतःला न पटणारं मत, ते मानणाऱ्याला ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं वाटेल इतक्या ताकदीनं मांडता येतं, आणि त्यानंतर त्याला उत्तर देता येतं. दुसरा कोणताही शालेय विषय हे काम नेमानं करून घेत नाही. इतिहासात वाद असतात, पण आपल्या पेपरात ते कारणं आणि परिणाम यांच्या मुद्द्यांत विरून जातात. गणितात प्रतिपक्ष नसतोच. भाषेच्या निबंधात विरोधकाला हजर ठेवण्याची सक्ती नसते, किंबहुना तो गैरहजर असला तर निबंध अधिक रंगतो. आपल्या शास्त्रग्रंथांत ही सक्ती होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, मग उत्तर, आणि पूर्वपक्ष कच्चा मांडला तर अब्रू ग्रंथकाराचीच जायची. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या ‘रिलिजस स्टडीज’ या विषयात आज ही सक्ती परीक्षेनं घातली आहे. तिथल्या ओसीआर मंडळाचे तीन पेपर असतात: धर्माचं तत्त्वज्ञान, धर्म आणि नीती, आणि कोणत्याही एका धर्मातल्या विचारांचा विकास. त्या तिसऱ्यासाठी ख्रिस्ती, इस्लाम, ज्यू, बौद्ध, हिंदू यांपैकी धर्म निवडता येतो. प्रत्येक पेपर दोन तासांचा, त्यात तीन निबंध, प्रत्येकी 40 गुणांचे. आणि त्या 40 पैकी माहितीला 16, तर विश्लेषण आणि मूल्यमापनाला 24. ईश्वराच्या अस्तित्वाचे सगळे युक्तिवाद घडाघडा लिहून दिले तरी निम्मे गुणसुद्धा होत नाहीत. मला या विषयाबद्दल जे म्हणायचंय ते बहुतेक सगळं त्या 24 गुणांत आहे.

पालक: इंग्लंडचं इंग्लंडला शोभतं. त्यांची राणी होती तीही चर्चची प्रमुख, आता राजा आहे तोही. तिथं शाळेत धर्म शिकवणं ही जुनी रीत आहे. आपल्याकडे घटनेनंच सरकारी शाळेतून धर्म बाहेर ठेवलाय, आणि ते शहाणपणाचं होतं असं मला वाटतं. फाळणी पाहिलेल्या लोकांनी लिहिलेली घटना आहे ती. तुम्ही ते दार किलकिलं करायला निघालात तर आत कोण घुसेल याचा विचार केलाय का? आज तुम्ही तत्त्वज्ञान म्हणाल, उद्या कुणीतरी त्याच तासाला आरती म्हणवून घेईल.

लेखक: तुमची भीती रास्त आहे, घटनेचं वाचन मात्र थोडं अपुरं आहे. अनुच्छेद 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्माची शिकवण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, तिला बसवता येत नाही. धर्माची शिकवण देणं आणि धर्माविषयी अभ्यास करणं यांत न्यायालयानं फरक केला आहे, तोही एकदा नव्हे. गुरू नानकांच्या नावाच्या विद्यापीठात त्यांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास ठेवला म्हणून डी.ए.व्ही. कॉलेजनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. अभ्यास म्हणजे शिकवण नव्हे, असं न्यायालय 1971 साली म्हणालं. 2002 मध्ये अरुणा रॉय प्रकरणात शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याबद्दल हाच प्रश्न आला आणि उत्तरही तेच मिळालं. तेव्हा कायद्याचं दार बंद नाही. आरतीचं म्हणाल तर ती म्हणवून घेणाऱ्यांना या विषयाची गरज कधी पडली? प्रार्थनेच्या तासाला, स्नेहसंमेलनात, सणाच्या निमित्तानं ते चालूच असतं आणि तिथं 28व्या अनुच्छेदाची आठवण कुणी काढत नाही.

माझी तक्रार दार उघडू पाहणाऱ्यांबद्दल आहे, कारण त्यांना आत वेगळंच काही न्यायचंय. अरुणा रॉय खटल्यात ज्या अहवालाचा मोठा आधार घेतला गेला तो शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीचा, 1999 सालचा. मूल्यांचं शिक्षण हा त्याचा विषय. सत्य, सदाचार, शांती, प्रेम, अहिंसा ही पाच मूल्यं घ्यायची, आणि सगळ्या धर्मांच्या मूलतत्त्वांची ओळख करून द्यायची म्हणजे परस्परांबद्दल आदर वाढेल, असा त्याचा रोख. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वादच नाही. पण या वाटेनं गेलं की अभ्यासाला काही उरत नाही. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात हे वाक्य सभ्य आहे, सभेत शोभतं; ते खरं आहे का, हाच तर या विषयातला पहिला प्रश्न व्हायला हवा. अद्वैती आत्मा एकच म्हणतो, जैन अनंत म्हणतो, बौद्ध मुळात नाहीच म्हणतो. हे तिघं एकच सांगतात असं म्हणायचं तर तिघांपैकी एकाचंही नीट ऐकलेलं नसावं लागतं. राधाकृष्णन आयोगानं 1949 मध्ये पदवीच्या तीन वर्षांसाठी जी योजना सुचवली तीत पहिल्या वर्षी धर्मपुरुषांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले सर्वमान्य होतील असे वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातले मुख्य प्रश्न होते. आपण चरित्रं आणि वेचे शालेय पुस्तकांत पसरून टाकले आणि तिसरं वर्ष विसरलो. फ्रान्सचं उदाहरण याच्या अगदी उलट. ज्या देशानं 1882 मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतून धर्मशिक्षण काढलं, त्याच देशात सर्वसाधारण शाखेच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान सक्तीचं आहे. आठवड्याला चार तास, शेवटी चार तासांची परीक्षा, आणि अभ्यासक्रमाच्या सतरा संकल्पनांत न्याय, राज्यसंस्था, विज्ञान यांच्या रांगेत धर्मही आहे. संस्कार म्हणून धर्म त्यांनी वर्गाबाहेर काढला आणि प्रश्न म्हणून तो वर्गात ठेवला.

पालक: म्हणजे संस्कार नकोत, उपयोग नको, फक्त वाद हवा. मग माझा साधा प्रश्न आहे. वादच शिकवायचा तर नुसतं तर्कशास्त्र शिकवा. विषय आहेच, पुस्तक आहेच, कुणाच्या भावना दुखावत नाहीत, आणि त्यात गुणही गणितासारखे पैकीच्या पैकी मिळतात. धर्माला मधे ओढायचं कशाला?

लेखक: तर्कशास्त्राचा आपला अभ्यासक्रम वाईट नाही. सत्यता-कोष्टकं, सिद्धता, तर्कदोष, सगळं आहे. पण ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’ या विधानावर कुणाचं काही अडलेलं नसतं. ज्यात जीव गुंतलेला नाही अशा वाक्यांवर तर्क चालवणं सोपं. आपल्या आजीच्या श्रद्धेवर चालवणं अवघड, आणि आपल्या संतापावर त्याहून अवघड. कसोटी तिथं लागते. म्हणून धर्म हवा.

एक उदाहरण देतो, ते आपल्या महाराष्ट्राचंच आहे. माणसाच्या वाट्याला आलेली स्थिती त्याच्या पूर्वकर्मानं ठरते का? 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी या प्रश्नाला ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असं अख्खं प्रकरण दिलं आहे. त्यांच्यापुढची अडचण खरी होती. कर्माचा नियम अटळ असेल तर माणसानं प्रयत्न करायचा कशाला? आणि तो सगळा ग्रंथ तर कर्म करा हे सांगण्यासाठी लिहिलेला. त्यांनी वाट काढली ती आत्म्याच्या स्वातंत्र्यातून: देह आणि इंद्रियं कर्माच्या साखळीत असली तरी आत्मा मुळात स्वतंत्र आहे, म्हणून सुटकेची प्रेरणा त्याच्याकडून येऊ शकते. आता डॉ. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ घ्या. तो 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रास्ताविकातच पेच मांडलाय: बुद्धानं आत्मा नाकारला, कर्म आणि पुनर्जन्म मात्र मानले असं सांगतात, मग आत्माच नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कुणाचा? त्यांचं उत्तर टिळकांच्या विरुद्ध टोकाला जातं. कर्माचा नियम ते नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून ठेवतात, पण गेल्या जन्मीच्या कर्मानं आजचं दारिद्र्य ठरतं ही कल्पना बुद्धाची असू शकत नाही असं म्हणतात. ती मान्य केली की गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर राहतच नाही, हा त्यांचा रोखठोक मुद्दा आहे. आता सतरा वर्षांच्या मुलीपुढे ही दोन्ही पुस्तकांतली निवडक पानं ठेवा आणि तिला दोघांनाही प्रश्न विचारायला सांगा. टिळकांना: आत्मा स्वतंत्र आहे एवढं म्हटल्यानं जन्मानं लादलेल्या स्थितीचा न्याय-अन्याय ठरतो का? आंबेडकरांना: एखादी कल्पना अन्यायाला सोयीची आहे, एवढ्यावरून ती असत्य ठरते का, की असत्य ठरवायला आणखी काही लागतं? आज वर्गात पहिला प्रश्न विचारायला धाडस लागेल आणि दुसरा विचारायलाही. पण दोन्ही प्रश्न त्या त्या ग्रंथकाराच्या तोलाचे आहेत, आणि दोघांनीही आपापल्या वाचकाकडून याहून कमी अपेक्षा केली असेल असं वाटत नाही. ज्या मुलीनं हा वाद दोन्ही बाजूंनी लिहून काढला तिला एका जयंतीला एक आणि दुसऱ्या जयंतीला दुसरं भाषण पाठ करण्याची गरज उरत नाही. सत्यता-कोष्टकानं हे होणार नाही. ते हाताशी असलं तर मात्र हा वाद अधिक नीट लिहिता येईल.

आणि उलट बाजूनं तत्त्वज्ञानाशिवाय धर्म शिकवला तर काय होतं? धर्मात वाद बाहेरूनच येतो, प्रश्न विचारणारा तो परका किंवा शत्रू, असा समज पक्का होतो. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. वेदांचं प्रामाण्य सगळ्यांत कडवेपणानं मांडणाऱ्या मीमांसकांत कुमारिल येतो, आणि जग निर्माण करणारा सर्वज्ञ ईश्वर त्याला मान्य नाही. ईश्वर आहे हे सिद्ध करायला उदयनानं ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली तेव्हा समोर बौद्ध तर होतेच, हे मीमांसकही होते. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले, पण त्यांचं म्हणणं टिकलं ते त्यांना खोडून काढणाऱ्यांनी आधी ते मांडलं म्हणून. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ सुरू होतो तोच चार्वाकापासून. जैन आचार्य हरिभद्रांनी आपल्या ‘षड्दर्शनसमुच्चया’त बौद्ध, न्याय, सांख्य यांना ज्या सरळपणानं जागा दिली तसा सरळपणा आजच्या कुठल्याही वाहिनीवरच्या चर्चेत शोधून काढावा लागेल. गझालीनं तत्त्ववेत्त्यांचं खंडन लिहिलं, तर पुढच्या शतकात इब्न रुश्दनं त्या खंडनाचं खंडन लिहिलं, आणि दोघंही मुसलमानच होते. थॉमस ॲक्विनस ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करायला बसतो तेव्हा आधी ईश्वर नाही असं मानण्याची दोन कारणं देतो, आणि त्यातलं पहिलं, जगातल्या दुःखाचं आणि दुष्टपणाचं, इतकं भक्कम आहे की पुष्कळ वाचकांना त्याच्या उत्तरापेक्षा तेच लक्षात राहतं. श्रद्धा आणि चिकित्सा यांचं भांडण लावायला ही मंडळी कुणी बाहेरून आणलेली नाहीत. मुलांना हे ठाऊक नसतं, कारण धर्म ज्यांच्याकडून कळतो त्यांना ते सांगायचं नसतं किंवा त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

पालक: तुमची यादी ऐकायला छान आहे. पण तुम्ही ज्यांचे दाखले देताय त्यातलं कुणीही सोळा वर्षांचं नव्हतं. प्लेटोनंच ‘रिपब्लिक’मध्ये सांगून ठेवलंय ना, तिशीच्या आत वादविद्या हातात देऊ नका म्हणून? कोवळ्या पोरांना ती मिळाली की कुत्र्याच्या पिलांसारखी ती जो समोर येईल त्याला ओढत-फाडत सुटतात, आणि शेवटी कशावरच त्यांचा विश्वास राहत नाही. तत्त्वज्ञानाच्या बापानंच दिलेला इशारा आहे तो. आणि दुसरी गोष्ट, तुम्ही जी टाळताय. वर्गात चाळीस मुलं, निम्म्यांच्या हातात कॅमेरा. तुमचा तो कर्माचा प्रश्न एखाद्या मुलीनं विचारला, पंधरा सेकंदांचा तुकडा कापून बाहेर गेला, संध्याकाळी कॉलेजच्या फाटकावर जमाव. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 299 आहेच. शिक्षिका निलंबित, मुलगी घरात कोंडलेली. तेव्हा तुमचा पूर्वपक्ष कुठं असेल?

लेखक: प्लेटोचं आधी घेतो, कारण ते सोपं आहे. त्याची तक्रार हत्याराबद्दल आहे: ज्यांच्याकडे जपण्यासारखं ज्ञान अजून नाही त्यांना खंडन करण्याचा खेळ मिळू नये. नुसतं तर्कशास्त्र शिकवा असं म्हणणाऱ्याला ती लागू पडते, ग्रंथ हातात देऊन आधी समजून घ्यायला लावणाऱ्याला तितकी नाही. शिवाय तिशीची ती अट त्यानं राज्यकर्ते घडवण्याच्या योजनेत घातली होती. बाकीच्यांनी राज्य करायचंच नव्हतं. आपण अठराव्या वर्षी प्रत्येकाला मत देतो, पूर्वी एकविसाव्या वर्षी देत होतो. ज्या प्रश्नांवर मतं मागितली जातात त्यांत धर्म नसतो असं तुम्हीही म्हणणार नाही. आणि त्या वयाच्या मुलाला वादापासून दूर ठेवता येतं, ही कल्पना आता सोडून द्यावी लागेल. न्यायसूत्रांनी वादाचे जे प्रकार सांगितले त्यांतला खरा ‘वाद’, म्हणजे सत्य शोधायला केलेली चर्चा, त्याच्या वाट्याला येत नाही एवढंच. जिंकण्यासाठीचा जल्प आणि नुसत्या खंडनासाठीची वितंडा त्याच्या फोनवर रात्रंदिवस चालू असते.

दुसरा आक्षेप मला टाळता येत नाही आणि त्याला पुरं उत्तरही माझ्याकडे नाही. कलम 299 ला बुद्ध्या आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो, वर्गातला प्रामाणिक प्रश्न त्यात बसत नाही, हे मी सांगेन. आणि तुम्ही म्हणाल की निकाल लागेपर्यंत जे भोगावं लागतं तीच शिक्षा असते. बरोबर आहे. धोका कमी करता येईल अशा काही अटी सुचवतो. विषय ऐच्छिकच असावा आणि पालकाची लेखी संमती घ्यावी. अनुच्छेद 28 ची भाषा त्याला पोषकच आहे. प्रत्येक परंपरेवरचा आक्षेप शक्यतो त्याच परंपरेतल्या ग्रंथकाराच्या तोंडून यावा, म्हणजे कुणाला बाहेरचा माणूस आपल्यावर चालून आला असं वाटणार नाही. वर्गात कोणत्याही मुलाला ‘तुमच्या धर्मात काय म्हणतात’ असं विचारू नये. चाळीस जणांत एकच मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलगा असतो आणि त्याला आपल्या धर्माचा प्रवक्ता करणं हा अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो. चर्चा छापील उताऱ्यावरच व्हावी. एवढं करूनही एखाद्या संध्याकाळी फाटकावर जमाव येऊ शकतो, आणि तेव्हा संस्था शिक्षिकेच्या पाठीशी उभी राहील अशी हमी मला देता येत नाही. पण तुमचा आक्षेप जितका खरा तितकाच तो या विषयाची गरजही सांगतो. प्रश्न आणि अपमान यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांची संख्या शाळा टाळून कमी होणार नाही.

पालक: ठीक, ते तिथं सोडू. पण आपल्या परीक्षेचं काय? ऐंशी गुणांची लेखी, वीस अंतर्गत, आणि ते वीस कसे मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. बाजारात गाइड येणार. ‘कर्मसिद्धांतावर टीप लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘रिकाम्या जागा भरा’. तुमचे टिळक आणि आंबेडकर दोन रकान्यांत बसतील, चार मुद्दे इकडे, चार तिकडे. मुलगी ते पाठ करेल, गुण मिळवेल, विसरेल.

लेखक: तुमच्या सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. कमाई, घटना, वय यांच्यापेक्षाही, कारण यात हा विषय खरोखर मरू शकतो. दोन रकान्यांचा तक्ता ही आपल्या शिक्षणाची आवडती गोष्ट आहे आणि या विषयाला त्याइतकं मारक दुसरं काही नाही. तक्त्यात दोन मतं शेजारी बसतात, एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून मी इंग्लंडच्या 24 गुणांचा पाढा लावला. अभ्यासक्रमात कोण आहे, कोण नाही, यावर आपल्याकडे समित्या भांडतात. प्रश्नपत्रिकेत गुण कशाला आहेत हे कुणी पाहत नाही. मात्र हेही नीट सांगितलं पाहिजे, की इंग्लंडमध्येही ठरावीक टीका पाठ करून निबंधात पेरणारी मुलं आहेत आणि त्यांना ती पेरून देणारी पुस्तकंही आहेत. तरी फरक पडतो. आपल्या पेपरात विद्यार्थ्यानं आजवर न पाहिलेला एक उतारा द्यायचा, लेखकाचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहायला सांगायचं, मग त्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप, आणि मग त्या लेखकाकडून त्याचं उत्तर. ऐंशीपैकी चाळीस गुण एवढ्याला ठेवले तर गाइडवाल्याला निदान कष्ट पडतील. तपासणाऱ्यालाही पडतील, आणि खरी अडचण तीच आहे. असे पेपर तपासायला वेळ, मानधन आणि तयार शिक्षक लागतात, आणि तत्त्वज्ञानाची पदं रिकामी ठेवून ते कुठून येणार, हे शासनाला विचारावं लागेल.

साहित्याची सबब मात्र मराठीत चालणार नाही. अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयानं 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ तिथं येऊन राहिले. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड 1974 मध्ये निघाले. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली ती परंपरेच्या आत शिकून. गोव्यातल्या सांखवाळहून निघालेल्या धर्मानंद कोसंबींनी पाली शिकून बुद्ध मराठीत आणला. मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे या दोघांची मतं धर्माबद्दल किती वेगळी होती, आणि दोघंही किती स्वच्छ मराठी लिहीत! एकाच प्रश्नावरचे या दोघांचे दोन लेख शेजारी छापले तरी बारावीचा एक धडा तयार होतो. त्यासाठी ऑक्सफर्डला जावं लागत नाही.

पालक: तुम्ही मला जिंकलंत असं समजू नका. पण माझ्यापुढचा प्रश्न उद्याचा आहे, धोरणाचा नाही. मुलीनं घ्यावा का तत्त्वज्ञान हा विषय, सध्या आहे तसा?

लेखक: सध्या आहे तसा म्हणाल, तर सरसकट हो म्हणणार नाही. ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा तिथं आधी जा. तत्त्वज्ञान शिकवायला त्याच विषयाचे शिक्षक आहेत का, की तास भरण्यासाठी दुसऱ्या विषयाचे कुणी उभे राहतात, ते विचारा. गेल्या वर्षीची सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका मागा. तीत सगळे प्रश्न ‘टिपा लिहा’ आणि ‘व्याख्या द्या’ असे असतील तर तिला तर्कशास्त्र घेऊ द्या, आणि रेगे, देशपांडे, कोसंबी घरी वाचू द्या. तेवढंच पदरात पडेल. एखादाही प्रश्न ‘या मताविरुद्धचा आक्षेप मांडून त्याला उत्तर द्या’ अशा धर्तीचा दिसला, तर अडवू नका. विज्ञानाकडे ओढा असेल तर तिथं हा विषय तिला बहुधा मिळणारच नाही. शाखांमधल्या भिंती पाडायच्या असं 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं म्हटलंय, भिंती अजून उभ्या आहेत. आणि तिची श्रद्धा टिकेल की जाईल याचा अंदाज बांधत बसू नका. दोन्ही होतं, आणि दोन्हीपैकी काय झालं यावर विषय चांगला की वाईट ते ठरत नाही.

पालक: समजा, तिनं परीक्षेत माझीच बाजू पूर्वपक्ष म्हणून लिहिली. ती बरोबर मांडली की माझी टर उडवली, हे मला कसं कळायचं?

लेखक: मंडळ उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं. निकालानंतर मुदतीत अर्ज करावा लागतो, आणि तो तिच्या नावानं करावा लागेल.